एर्मेलिंदाचे एकशेबारा टक्के

एकशेबारा. परत एकशेबारा!

नेलिदा ब्रुनेन्गोने चौथ्यांदा मलम तोललं, चौथ्यांदा मिथेनॉलमध्ये ढवळलं, गाळलं, क्वार्ट्झच्या चिमुकल्या कुपीत भरून मशीनमध्ये ठेवलं, आणि मशीनने चौथ्यांदा तोच आकडा तिच्या तोंडावर फेकला. मलमात औषध असायला हवं ठरलेल्या मापाच्या शंभर टक्के. नव्वद ते एकशेदहा चालतं, तेवढी मोकळीक कायद्याने दिलेली आहे. पण एकशेबारा म्हणजे नापास. पाच हजार नळ्या भरून तयार, आणि सगळ्या नापास.

"मेले, जरा कमी दाखवलंस तर काय झिजशील का गं?" ती मशीनला म्हणाली. एकतीस वर्षांत या स्पेक्ट्रोफोटोमीटरशी ती नवऱ्याशी बोलली नसेल एवढं बोलली होती. नवरा कधीच सोडून गेला, मशीन टिकलं.

पाराना नदीच्या काठचा हा प्रांतिक सरकारचा औषध कारखाना म्हणजे एक दुमजली इमारत. खाली मलमं आणि गोळ्या बनतात, वर त्या तपासल्या जातात. बुरशीवरचं मलम इथलं सगळ्यात जास्त खपणारं. भातशेतीत दिवसभर रबरी बूट घालून पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, मग ती आरोग्य केंद्रावर येऊन विचारतात, मलम आलं का? आणि परिचारिका सांगते, वर अडकलंय. वर म्हणजे नेलिदाकडे. म्हणजे शिव्या नेलिदाला.

ते मलम ढवळणारी बाई म्हणजे एर्मेलिंदा. अकरा वर्षं तिने कंत्राटावर काढली. दर डिसेंबरला नवीन कागद, दर डिसेंबरला तीच धाकधूक. यंदा पहिल्यांदाच कायम करायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव आलं होतं. ही यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता राजधानीला जाणार होती, आणि यादीतल्या माणसाच्या फायलीत एकही डाग असता कामा नये, असा नियम होता. आता तिच्या हातचे दोन घाणे लागोपाठ नापास झाले होते. एक्केचाळीसावा एकशेबारा, बेचाळीसावा एकशेअकरा पूर्णांक सहा. दोन्ही कोठारात पडून.

नेलिदाचं पित्त खवळलं ते याच्यामुळे. एर्मेलिंदा काही नवशिकी नव्हती. तिच्या हाताला तराजूही लाजायचा. आणि ऐन मोक्याला या बाईचा हात असा सुटावा?

बरं, खाली जाऊन विचारावं तर तेही बंद. सहा आठवड्यांपूर्वी नवे संचालक आले, डॉक्टर एचेगाराय. चपला न वाजवता चालणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेनचं टोपण लावणारा माणूस. त्यांनी फर्मान काढलं की तपासणाऱ्यांनी बनवणाऱ्यांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, आणि बनवणाऱ्यांनी वर यायचं नाही. जे काय लागेल ते चिठ्ठीवर लिहा, कोठारातल्या तोलोसाला द्या, तो आणून देईल.

"अहो, पण मी एकतीस वर्षं जिन्यावरून उतरून वाडगा घेऊन येतेय," नेलिदा म्हणाली होती.

"म्हणूनच, नेलिदाबाई," संचालक म्हणाले आणि टोपण लावलं.

वाडग्याची भानगड अशी. मशीन काय करतं, तर द्रावणातून अदृश्य किरण सोडतं आणि किती गिळले गेले ते मोजतं. जितकं औषध जास्त तितके किरण जास्त गिळले जातात. पण मलमात नुसतं औषध थोडंच असतं? मलम कुजू नये म्हणून घातलेलं रसायनही तेच किरण गिळतं आणि औषधाच्या नावावर खपतं. म्हणून औषध घालायच्या आधी एर्मेलिंदा थोडं कोरं मलम वाडग्यात काढून ठेवायची. त्या कोऱ्याचं मोजमाप वजा केलं की उरतं ते खरं औषध. स्पॅनिशमध्ये या कोऱ्या नमुन्याला म्हणतात ब्लांको. पांढऱ्यालाही ब्लांकोच म्हणतात, पण प्रयोगशाळेत ब्लांको म्हणजे कोरा, हे शेंबड्या पोराला कळतं. निदान नेलिदाची तशी समजूत होती.

बेचाळीसावा नापास झाला त्या संध्याकाळी दोघी बसथांब्यावर भेटल्या. तिथे संचालकांचं राज्य नव्हतं. एर्मेलिंदाने माते, म्हणजे पानांचा गरम काढा, पोकळ भोपळ्यात भरून पुढे केला. नेलिदाने तो कडू घोट घेतला आणि फुटलीच.

"तुला झालंय काय, एर्मे? तराजू बिघडलाय का डोळे बिघडलेत?"

"तराजू दोन किलो दाखवतो, मी दोन किलो घालते."

"मग वरचं बारा टक्के काय आभाळातून पडतं?"

"तुझं मशीन..."

"माझ्या मशीनला काही बोलू नकोस! चारचारदा मोजलंय. तुझा हात जड झालाय. आखडता घे जरा! बारा कमी घाल, माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

एर्मेलिंदाने भोपळ्यात पुन्हा गरम पाणी ओतलं. तिला मान खाली घालून गप्प बसलेलं पाहून नेलिदाला आणखीच राग आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि त्रेचाळीसावा घाणा आला तो शंभर पूर्णांक सात! नेलिदाने टेबलावर थाप मारली. बघा, ओरडल्याशिवाय कामं होत नाहीत. तिने हिरव्या कागदावर सही ठोकली आणि पाच हजार नळ्या पास केल्या.

बुधवारी संचालकांनी तिला बोलावलं. नापास झालेल्या दोन घाण्यांचं कारण त्यांना फायलीत हवं होतं.

"कारण मी कुठून आणू? मी मोजते, बनवत नाही."

"मशीन बरोबर आहे?"

"आहे."

"पद्धत बरोबर आहे?"

"माझी पद्धत चुकीची असती तर त्रेचाळीसावा कसा पास झाला असता?"

"झालं तर मग," संचालक म्हणाले. "लिहा. वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक."

नेलिदा पेन धरून बसली. हे लिहिलं की एर्मेलिंदा यादीतून गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मग लिहायचं काय? आकडा तर होता. एकतीस वर्षांत तिने आकड्यापुढे ना संचालक पाहिला, ना मंत्री, ना मैत्रीण. तिने लिहिलं. मग आपल्यावरच चिडून बसथांब्यावर न जाता ती तीन मैल चालत घरी गेली.

गुरुवारी सकाळी मशीनचा दिवा गेला.

"आता तू पण!" नेलिदा म्हणाली. नवा दिवा कपाटात होता, तो बसवेपर्यंत साडेनऊ वाजले. दिवा बदलला की सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते. त्यातलंच एक कंटाळवाणं काम म्हणजे कोरा नमुना नुसत्या मिथेनॉलसमोर ठेवून त्याची रेघ काढणं. खरं तर हे प्रत्येक घाण्याला करायचं असतं. पण एकतीस वर्षं तोच वाडगा, तोच उंचवटा बघून काय नवीन दिसणार आहे, म्हणून तिने ते कधीच सोडून दिलं होतं.

तिने त्रेचाळीसाव्या घाण्यासाठी तोलोसाने दिलेल्या डबीतलं ब्लांको घेतलं आणि बटण दाबलं. कागदावर रेघ निघाली. सरळसोट. इस्त्री केल्यासारखी सपाट.

नेलिदा बघत राहिली. मलम टिकवणाऱ्या रसायनाचा उंचवटा कुठे गेला? तिने पुन्हा केलं. पुन्हा सपाट. या मलमात ते रसायनच नव्हतं. मग हे मलम कसलं?

ती डबी घेऊन ताडताड कोठारात गेली. तोलोसा खोक्यावर बसून चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, खात होता. आधी त्याने दोन्ही हातांतले तुकडे तोंडात कोंबले आणि मग उठून उभा राहिला.

"तोलोसा, हे काय पाठवतोस मला?"

"तुम्ही मागता तेच, बाई."

"मी काय मागते?"

"ब्लांका."

"काय?"

तोलोसाने खिळ्याला अडकवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि तीन चिठ्ठ्या तिच्या नाकासमोर धरल्या. तिचंच अक्षर. घाईघाईत लिहिलेल्या शेवटच्या रोमन 'ओ' या अक्षराला तिच्या सवयीप्रमाणे शेपूट आलं होतं, आणि शेपटीसकट तो स्वच्छ 'आ' दिसत होता. ब्लांका. आणि या इमारतीत ब्लांका म्हणजे एकच वस्तू, प्रसूतिगृहात जाणारं तान्ह्या बाळांचं पांढरं मलम. बाळांच्या कातडीला सोसत नाही म्हणून त्यात ते टिकवणारं रसायन घालत नाहीत.

"अरे माणसा! बुरशीच्या मलमाच्या तपासणीला मी बाळांचं मलम कशाला मागवीन? तुझ्या डोक्यात काही आलं नाही?"

"आलं ना," तोलोसा म्हणाला. "म्हटलं, बाईंचे हात त्या औषधांनी भेगाळले असतील, लावायला मागवत असतील. म्हणून डबी जरा मोठी भरली."

नेलिदाने तिन्ही चिठ्ठ्या त्याच्या हातातून हिसकावून घेतल्या. कुणाला शिव्या द्याव्यात? तोलोसाला? फर्मान काढणाऱ्या संचालकांना? दिल्या असत्याच, दोघांनाही यथेच्छ दिल्या असत्या. पण डबी तिने स्वतः उघडली होती, तीन वेळा. आणि ती रेघ स्वतः काढली नव्हती, तीन वेळा.

मग ती थेट जिन्याकडे वळली. फर्मान गेलं चुलीत! खालच्या खोलीत भल्या मोठ्या पातेल्याशी एर्मेलिंदा उभी होती, डोक्याला टोपी, कोपरापर्यंत हातमोजे.

"एर्मे, कोरा वाडगा आहे?"

"प्रत्येक घाण्याचा काढलाय. कपाटात ठेवलेत. तू काही नेलाच नाहीस," एर्मेलिंदा म्हणाली. "मला वाटलं, आता नवीन पद्धत असेल."

नेलिदा वाडगे छातीशी धरून वर पळाली. एक्केचाळीसावा, खऱ्या कोऱ्याशी ताडून: एकशेएक पूर्णांक दोन. बेचाळीसावा: शंभर पूर्णांक सहा. कसले नापास! ते दोन्ही घाणे पुस्तकात छापावेत इतके अचूक होते. नेलिदा एकटीच हसली, आपल्याच कपाळावर हात मारून घेतला, आणि संचालकांना काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करू लागली. कालची ती ओळ फाडायची, एर्मेलिंदाला मिठी मारायची, बसथांब्यावर आठवडाभर माते आपल्याकडून.

आणि मग तिचं हसू गेलं. त्रेचाळीसावा!

चुकीच्या कोऱ्याने सगळं अकरा टक्के जास्त दिसत होतं. मग त्रेचाळीसावा शंभर कसा दिसला? तिने तोही मोजला. एकोणनव्वद पूर्णांक सात. पुन्हा मोजला. एकोणनव्वद पूर्णांक सात.

या वेळी ती जिना हळू उतरली.

"त्रेचाळीसाव्यात किती घातलंस, एर्मे?"

एर्मेलिंदाने पातेल्यावरून मान वर केली नाही. "एक किलो सातशे ऐंशी."

"दोन किलो घालायचं असतं!"

"तू म्हणालीस ना, बारा कमी घाल. दोन दिवस विचार केला. तराजू म्हणतो दोन, तू म्हणतेस दोनाच्या वर बारा टक्के. आता तराजू तुझ्यापेक्षा शिकलेला आहे का? म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असणार. घातलं कमी. आणि पास झालं की!"

"अगं, ते मी रागाने बोलले होते!"

"तू शांतपणे कधी बोलतेस?"



"पण कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगू कुणाला? वर यायला बंदी. पण मी चोरी नाही केली, नेली. पत्रकात लिहिलंय. एक सातशे ऐंशी, जसंच्या तसं."

तिने घाण्याचं पत्रक काढून दाखवलं. खरंच लिहिलेलं होतं, गोल, सावकाश अक्षरात, मुळीच न लपवता. आणि त्याखाली पर्यवेक्षकाची सही, आणि त्याच्याखाली डॉक्टर एचेगाराय यांची. वजनाची एवढी मोठी तफावत डोळ्यांसमोर असून एकानेही वाचली नव्हती. नेलिदाला वाटलं, हे पत्रक गुंडाळून या सगळ्यांच्या टाळक्यात हाणावं, आणि मग उरलंच तर स्वतःच्याही.

संचालकांच्या टेबलावर तिने सगळं मांडलं: चिठ्ठ्या, सपाट रेघ, आकडे, पत्रक. संचालक आपल्या सहीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. पेनचं टोपण लावायलाही विसरले.

"एकोणनव्वद पूर्णांक सात," ते म्हणाले. "मर्यादा नव्वद. तीन दशांश, नेलिदाबाई. आणखी एकदा मोजलंत तर नव्वद येईल. पाचव्यांदा मोजा, सहाव्यांदा मोजा. कधीतरी येईलच."

"येईल," नेलिदा म्हणाली. "आणि त्या नळ्या भातशेतीत जातील. तिथला माणूस महिनाभर चोळेल आणि म्हणेल, सरकारी मलम असलंच. नाही मोजणार."

"मग घाणा रद्द. आणि रद्द केला की कारण लिहावं लागतं. विनापरवानगी औषध कमी घालणं म्हणजे केवढी गंभीर बाब आहे, तुम्हाला माहीत आहे. आधीच्या दोन घाण्यांतून तुम्ही त्या बाईला सोडवलंत आणि यात अडकवलंत. यादी उद्या बारा वाजता जाते."

"विनापरवानगी नाही. मी सांगितलं होतं."

"तुम्ही?"

"बारा टक्के कमी घाल, असं मी तिला सांगितलं. मागच्या गुरुवारी, बसथांब्यावर. तिने सांगितलेलं केलं आणि केलेलं लिहिलं. या इमारतीत तेवढं तरी कुणी केलंय का?"

संचालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तपासणाऱ्याने बनवणाऱ्याला सूचना देणं... हे लिहून दिलंत तर तुमचा सहीचा अधिकार काढावा लागेल मला. दुसरा मार्ग नाही."

"कागद द्या."

तिने लिहिलं. कोरा नमुना चुकीचा मागवला, मी. रेघ काढली नाही, मी. औषध कमी घालायला सांगितलं, मी. कालची ओळ तिने मागून घेतली आणि त्यांच्यासमोर फाडली. तुकडे टोपलीत टाकले ते संतापाने. आणि संताप कुणावर काढावा हे अजूनही कळत नव्हतं, त्याचाच जास्त.

शुक्रवारी दहा वाजता एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या दहा हजार नळ्या ट्रकमध्ये चढल्या. तोलोसाने त्रेचाळीसाव्यावर लाल फीत बांधली. बारा वाजता यादी गेली, एर्मेलिंदाच्या नावासकट. सोमवारपासून नेलिदाने तळघरात नळाच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि तिच्या मशीनवर संचालकांचा भाचा बसणार, असं पत्र सव्वाबाराला आलं.

बसथांब्यावर एर्मेलिंदा आधीच येऊन उभी होती. बातमी तिला कळली होती. या इमारतीत फर्मानं पाळली जात नसली तरी बातम्या पोचायच्या. नेलिदाला वाटलं आता ही रडेल, गळ्यात पडेल, आणि आपल्यालाही रडू येईल. तिने पर्समध्ये रुमाल चाचपून ठेवला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं गं हे लिहायला?" एर्मेलिंदा कडाडली. गेल्या अकरा वर्षांत नेलिदाने तिचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता. "मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस?"

"तुझी नोकरी जात होती, बये!"

"नोकरी राहिली ना, कळलं! आता जन्मभर त्या पातेल्यापाशी उभी राहणार मी. आणि वर कोण? तो संचालकाचा भाचा? त्याला स्वतःच्या कॉफीत साखर किती ते सांगता येत नाही! उद्या तो म्हणाला एकशेबारा, तर मी काय समजायचं? खरं समजायचं का खोटं?"

नेलिदाने रुमाल तसाच पर्समध्ये राहू दिला.

"तू चुकलीस तरी तुझ्यावर विश्वास ठेवून मी माझा तराजू खोटा मानला, नेली," एर्मेलिंदा म्हणाली. "आता मी कुणासाठी खोटा मानू?"